जुनी बॉक्सस्टर एस घेताना: इंटरमीजिएट शाफ्टच्या बेअरिंगचे काय करावे

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही न्यू जर्सीत राहता आणि २००३ सालची, मॅन्युअल गिअरची पोर्शे बॉक्सस्टर एस घेण्याच्या विचारात आहात. गाडी ७१,००० मैल चाललेली आहे आणि विकणाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे क्लच मूळचाच आहे. इंटरमीजिएट शाफ्टचे बेअरिंग, म्हणजे ज्याला सगळे आयएमएस म्हणतात ते, बदलल्याची कोणतीही पावती नाही. गाडी घ्यावी की सोडून द्यावी, घेतलीच तर बेअरिंग लगेच बदलावे की क्लच संपेपर्यंत थांबावे, आणि पुण्यात तुमच्या भावाला मिळत असलेल्या २००७च्या केमन एसलाही हाच धोका आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

निर्णय आधी सांगतो. बेअरिंग बदललेले नाही एवढ्या कारणावरून ही गाडी सोडू नये, आणि बेअरिंग बदललेले आहे एवढ्या कारणावरून दुसरी कोणतीही घेऊ नये. आधी इंजिन आतून स्वच्छ आहे की नाही हे पाहून घ्यावे. ते स्वच्छ असेल तर बेअरिंग आणि क्लच यांचा एकत्रित खर्च किमतीतून वजा करून गाडी घ्यावी, आणि ते काम गाडी चालवायला सुरुवात करण्यापूर्वीच उरकावे. तेलात लोखंडाचा चुरा दिसला, तर किंमत कितीही कमी केली तरी व्यवहार करू नये.

आता कारणे. १९९६ साली बाजारात आलेली बॉक्सस्टर (९८६) आणि पुढच्या वर्षी आलेली ९११ (९९६) या दोन्ही गाड्यांना पोर्शेने पाण्याने थंड होणारे एकाच घराण्याचे सहा सिलिंडरचे सपाट इंजिन दिले. त्याला एम९६ म्हणतात. या इंजिनात क्रँकशाफ्टखाली, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याखाली, एक लांब पोकळ शाफ्ट आहे. क्रँक त्याला साखळीने फिरवतो, आणि या शाफ्टवरून निघालेल्या साखळ्या दोन्ही बाजूंचे कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारे दांडे, फिरवतात. एका बाजूची साखळी इंजिनाच्या पुलीकडच्या टोकाला आहे आणि दुसरीची फ्लायव्हीलकडच्या, म्हणजे क्लच बसतो त्या, टोकाला. ऑइल पंपसुद्धा याच शाफ्टवर चालतो. शाफ्टचे पुलीकडचे टोक साध्या बेअरिंगवर, दाबाखालच्या तेलाच्या थरावर फिरते, आणि तिथे सहसा काहीही होत नाही. फ्लायव्हीलकडचे टोक मात्र दोन्ही बाजूंनी सील केलेल्या, आत ग्रीस भरलेल्या बॉल (छर्ऱ्यांच्या) बेअरिंगवर ठेवले गेले. आधीच्या, हवेने थंड होणाऱ्या ९११च्या इंजिनांत या शाफ्टची दोन्ही टोके तेलावर चालणाऱ्या साध्या बेअरिंगवर होती, आणि त्या इंजिनांमध्ये हा प्रश्न कधी उद्भवला नाही.

सील केलेले बेअरिंग स्वतःहून वाईट नसते. अल्टरनेटरमध्ये, पाण्याच्या पंपात, चाकांच्या हबमध्ये ते वर्षानुवर्षे चालते, कारण तिथे ते कोरड्या जागी असते. इथे ते इंजिनाच्या गरम तेलात बसलेले आहे. काही वर्षांत सीलचे रबर कडक होते आणि तेल हळूहळू आत शिरून ग्रीस धुऊन काढते. मग आतले तेल आतच राहते. बाहेरचे तेल तुम्ही दरवर्षी बदलता, परंतु बेअरिंगमध्ये आणि त्यामागच्या पोकळ नळीत साचलेले तेल कोणी बदलत नाही. जुने बेअरिंग ओढून काढल्यावर त्या नळीतून काळपट, कुबट वासाचे तेल बाहेर पडते, तेव्हा छर्रे इतकी वर्षे कशावर फिरत होते हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा तेलात ओलावा आणि आम्लता वाढते, छर्ऱ्यांच्या व कड्यांच्या पृष्ठभागावर बारीक खड्डे पडू लागतात, आणि तिथून पोलादाचे कण सुटू लागतात. शेवटी बेअरिंगचा पिंजरा तुटतो किंवा मधला बोल्ट तुटतो, शाफ्ट आपली जागा सोडतो, साखळी दाते चुकवते आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. बहुतेक वेळा मालकाला आधी काही सेकंदांची खडखड ऐकू येते, आणि पुष्कळदा तीही येत नाही.

हे एकच बेअरिंग नव्हे, तीन प्रकारची बेअरिंगे आहेत, आणि सगळ्यांना एकाच मापाने मोजल्यामुळे बराच गोंधळ होतो. सुरुवातीच्या गाड्यांत, साधारण २००० सालापर्यंत, छर्ऱ्यांच्या दोन ओळी असलेले बेअरिंग होते. त्यानंतर २००५ पर्यंत, त्याच बाहेरच्या मापाचे परंतु एकाच ओळीचे बेअरिंग आले, आणि तुमची गाडी याच गटात मोडते. हा तिन्हींपैकी सर्वांत दुबळा गट. २००६ ते २००८ या मॉडेलवर्षांत एकाच ओळीचे पण बरेच मोठे बेअरिंग बसवले गेले, आणि ते पुष्कळ टिकाऊ ठरले. मधल्या वर्षांच्या सीमा काटेकोर नाहीत. २००५ मॉडेलवर्षाच्या गाड्यांत लहान आणि मोठे, दोन्ही सापडतात. शिवाय एखाद्या गाडीत वॉरंटीखाली पूर्ण इंजिन बदललेले असेल, तर गाडीचे वर्ष आणि आतल्या बेअरिंगचे वर्ष यांचा काहीच संबंध उरत नाही. म्हणून गाडीच्या कागदांवरील वर्षापेक्षा इंजिनवर कोरलेला क्रमांक पाहावा, आणि अंतिम खात्री गिअरबॉक्स उतरल्यावर डोळ्यांनीच करावी. मोठ्या बेअरिंगच्या मधल्या बोल्टवर २२ मिलिमीटरचे नट असते, तर लहान बेअरिंगवर १३ मिलिमीटरचे. ९९६ आणि तिच्यानंतरच्या ९११ची (९९७) पहिली पिढी यांच्या टर्बो, जीटी२ आणि जीटी३ गाड्यांचे इंजिन वेगळ्या, हान्स मेट्झगर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या घराण्यातील आहे, त्यांना हा दोष नाही. २००९ मॉडेलवर्षापासून आलेल्या ९११, बॉक्सस्टर आणि केमनच्या नव्या इंजिनांत तर हा शाफ्टच ठेवलेला नाही.

धोका किती, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत या बेअरिंगवरून सामूहिक दावा दाखल झाला होता आणि २०१३ साली त्यात तडजोड झाली. २००१ ते २००५ या मॉडेलवर्षांतील ठरावीक गाड्यांना, पहिल्या विक्रीपासून दहा वर्षे किंवा १,३०,००० मैल यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत, त्यात संरक्षण मिळाले. तुमच्या गाडीसाठी ती मुदत केव्हाच संपली आहे. त्या प्रकरणाच्या संदर्भात नेहमी सांगितले जाणारे आकडे असे, की एका ओळीच्या बेअरिंगसाठी बिघाडाचे प्रमाण सुमारे ८ टक्के आणि दोन ओळींच्यासाठी सुमारे १ टक्का. हा ८ टक्क्यांचा आकडा वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की तो गाड्या तुलनेने नव्या असतानाचा आहे, तेव्हा आज वीसहून अधिक वर्षे झालेल्या, न बदललेल्या सीलसाठी तो जसाच्या तसा लावता येत नाही. दुसरी अशी की इतकी वर्षे तगलेले बेअरिंग पुढेही तगेल, हा विकणाऱ्यांचा आवडता युक्तिवाद अर्धाच खरा आहे. घडणीतच कच्ची असलेली बेअरिंगे लवकर गेली हे खरे, परंतु सील कडक होणे आणि तेल साचून खराब होणे ही काळाबरोबर वाढणारी क्रिया आहे. शंभरातल्या आठांची शक्यता कोणी सोसावी, हे बिघाडाच्या किमतीवर ठरते. इथे बिघाड म्हणजे पूर्ण इंजिन, आणि त्याचा खर्च या गाडीच्या बाजारभावाइतका किंवा त्याहून अधिक येतो.

आता तपासणी. या गाडीच्या बाबतीत माझा सगळा भर तिच्यावर आहे.

पहिली पायरी ऑइल फिल्टरची. या इंजिनात कागदी कार्ट्रिज फिल्टर प्लास्टिकच्या कपात बसतो. तो बाहेर काढून त्याचा कागद धारदार पात्याने कापावा, घड्या उलगडाव्यात आणि पांढऱ्या कापडावर उजेडात पाहावे. कपाच्या तळाशी उरलेले तेलही एका उथळ भांड्यात ओतून घ्यावे. मग चुंबक फिरवावा. चुंबकाला चिकटणारे, अभ्रकासारखे चमकणारे चपटे कण म्हणजे पोलाद, आणि या इंजिनात असे पोलाद प्रथम याच बेअरिंगवरून किंवा साखळीच्या मार्गावरून आले असे समजून चालावे. चुंबकाला न चिकटणारी चमक ॲल्युमिनियमची किंवा क्रँकच्या बेअरिंगच्या लेपाची असू शकते, आणि तीही चांगली बातमी नव्हे. तपकिरी किंवा काळसर प्लास्टिकचे कठीण तुकडे साखळीच्या मार्गदर्शक पट्ट्यांचे असतात. ते थोडे सापडले तर घाबरण्याचे कारण नाही, वयाबरोबर त्या झिजतातच. मात्र मऊ, रबरासारखे काळे, वक्र तुकडे सापडले तर थांबावे, कारण ते बेअरिंगच्या सीलचे असू शकतात.

फिल्टरवर समाधान मानू नये, याचे एक यांत्रिक कारण आहे. मूळ फिल्टरच्या कपात बायपास व्हॉल्व्ह आहे, आणि थंड तेलात दाब वाढला की काही तेल न गाळता पुढे जाते. जड कण तर फिल्टरपर्यंत पोचतच नाहीत, ते तळाशी ऑइल पॅनमध्ये बसतात. म्हणून दुसरी पायरी पॅन उतरवण्याची आहे. तेल काढून बोल्ट सोडवले की पॅन खाली येतो. त्याच्या कोपऱ्यांतला गाळ आणि तेल ओढणाऱ्या नळीची जाळी पाहावी. काम तासा-दोन तासांचे आहे, नवे तेल व सीलंट लागते, आणि विकणारा सहसा नाखूश असतो. तेल आणि मजुरी मी देतो, पॅन मात्र उतरवायचाच, असे तुम्ही त्याला सांगावे. तरीही त्याने नकार दिला, तर त्याला काही माहीत आहे असे गृहीत धरण्याची गरज नाही, परंतु किंमत ठरवताना इंजिनची स्थिती अज्ञात आहे असेच धरावे.

पॅन उतरलेला असतानाच, त्याच बाजूने बारीक कॅमेरा घालून सिलिंडरच्या भिंती खालून पाहून घ्याव्यात. वरून, स्पार्कप्लगच्या छिद्रातून, भिंतीचा जो भाग दिसत नाही तो इथून दिसतो. याचे कारण पुढे येईल.

तिसरी पायरी संगणकाची. पोर्शेच्या स्वतःच्या यंत्राने किंवा ड्युरामेट्रिकसारख्या उपकरणाने सिलिंडरच्या दोन्ही बाजूंच्या कॅमशाफ्टचे विचलन, म्हणजे ते ठरलेल्या जागेपासून किती अंश सरकले आहेत ते, वाचता येते. ते साधारण अधिक-उणे सहा अंशांच्या आत असावे असे मानले जाते. मला मात्र आकड्यापेक्षा त्याची स्थिरता महत्त्वाची वाटते. इंजिन गरम करून ते संथ चालत असताना, मग हळूहळू वेग वाढवताना आकडा उड्या मारत असेल, तर शाफ्टला हलायला जागा झाली आहे किंवा साखळी ताणून धरणारा एखादा टेन्शनर गेला आहे. याच यंत्रावर इंजिन एकूण किती तास चालले हेही दिसते, आणि ही नोंद फार थोडे लोक विचारात घेतात. मैलांना तासांनी भागले की गाडीचा सरासरी वेग मिळतो. ७१,००० मैल १,९०० तासांत झाले असतील तर सरासरी सुमारे ३७ मैल येते, म्हणजे गाडी मोकळ्या रस्त्यावर धावलेली आहे. तेच ३,००० तास असतील तर सरासरी २४ मैलांच्या आत राहते, म्हणजे सिग्नल, गर्दी आणि जागेवर चालू ठेवलेले इंजिन. दुसरी गाडी या बेअरिंगच्या दृष्टीने अधिक धोक्याची, कारण इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर तिथे तेल कमी उडते आणि थोड्या अंतराच्या प्रवासात तेलातला ओलावा जळून जात नाही. अंगणात झाकून ठेवलेली, वर्षाला हजार मैल चाललेली ‘जपलेली’ गाडी लोकांना आवडते. मी अशा गाडीपेक्षा रोज महामार्गावर हाकलेली, वेळेवर तेल बदललेली एक लाख मैलांची गाडी पसंत करतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यातून तेल पाझरत असेल, तर विकणारा ‘रिअर मेन सील’ (क्रँकच्या मागच्या टोकाचे सील) असे म्हणून विषय संपवील. ते खरेही असेल. पण त्याच्याच खाली आयएमएसचे झाकण आहे आणि त्याच्या सीलमधूनही असेच तेल येते. गिअरबॉक्स उतरल्याशिवाय नेमके कुठून ते ठरत नाही, म्हणून पाझर दिसला की दोन्हींचा खर्च धरावा. आवाजावरून निदान करण्याचा आग्रह मी धरत नाही. या इंजिनात टेन्शनर, लिफ्टर, दुहेरी वजनाचे फ्लायव्हील असे आवाज करणारे बरेच जण आहेत, आणि बेअरिंगचा आवाज स्पष्ट ऐकू येईपर्यंत तपासणीची वेळ निघून गेलेली असते. तेलाचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायला हरकत नाही, पण तिथे मोजले जातात ते अतिसूक्ष्म कण. बेअरिंगमधून सुटणारे मोठे तुकडे त्या मोजणीत येतातच असे नाही, म्हणून अहवाल चांगला आला तरी फिल्टर कापणे टाळू नये.

आता सिलिंडरच्या भिंतींविषयी. आयएमएसची इतकी चर्चा झाली आहे की खरेदीदार त्याच एका पावतीसाठी हट्ट धरतो आणि बाकीचे पाहतच नाही. याच घराण्यातील इंजिनांच्या सिलिंडरच्या भिंतींवर उभे ओरखडे पडण्याचा दोष, विशेषतः ३.४, ३.६ आणि ३.८ लिटरच्या नंतरच्या इंजिनांत, आज मला बेअरिंगपेक्षा अधिक चिंतेचा वाटतो. बेअरिंग खर्चाने टाळता येते. ओरखडे पडल्यावर इंजिन पूर्ण खोलून सिलिंडरना नवे अस्तर घालण्यावाचून दुसरा मार्ग नाही. तुमच्या ३.२ लिटरच्या इंजिनात हे तुलनेने क्वचित आढळते. तरीही थंड इंजिनात एका बाजूने होणारी टकटक, वाढलेला तेलाचा खप आणि त्या बाजूची प्लग काजळलेली असणे या खुणा पाहाव्यात, आणि खालून कॅमेऱ्याने खात्री करून घ्यावी. इंजिनातल्या वाफेतून तेल वेगळे करणारा सेपरेटर फाटला की धूर येतो, पण तो स्वस्त भाग आहे, त्याने घाबरू नये.

तपासणीत इंजिन स्वच्छ निघाले असे धरू. मग ‘क्लच संपेपर्यंत थांबू का?’ या प्रश्नाला माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. तुमच्या गाडीचा क्लच ७१,००० मैलांवर आहे, तो फार दूर नाही. बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील उतरावेच लागते, आणि मजुरीचा मोठा वाटा तिथेच जातो. आज फक्त बेअरिंग आणि वर्षभराने क्लच असे केले तर तीच मजुरी दोनदा द्यावी लागेल. क्लच, बेअरिंग, रिअर मेन सील आणि त्यांचे एकदाच वापरायचे बोल्ट असे सगळे मिळून, स्वतंत्र कार्यशाळेत साधारण तीन ते पाच हजार डॉलरचा अंदाज धरावा. फ्लायव्हील तपासूनच परत बसवावे, ते गेले असेल तर रक्कम आणखी वाढते. विकणाऱ्याशी बोलताना हीच रक्कम समोर ठेवावी.

कोणते बेअरिंग बसवावे, यावर मतभेद आहेत आणि विक्रेते आपापला माल पुढे करतात. सर्वांत प्रचलित आहे ते पोलादी कड्यांत सिलिकॉन नायट्राइडचे सिरॅमिक छर्रे असलेले, एका बाजूचे सील काढलेले बेअरिंग. सिरॅमिक छर्रे हलके व कठीण असतात आणि तेल कमी पडले तरी अधिक काळ तग धरतात. तरीही ते मुदतीने बदलायचेच असते, आणि एका ओळीच्या जागेत बसणाऱ्या प्रकाराची मुदत निर्माता कमी सांगतो. ती मुदत पाळायची तयारी नसेल तर पहिलेच काम फुकट जाते. दुसरा प्रकार दंडगोल रोलरचा. तो बाजूचा भार अधिक पेलतो, पण शाफ्टच्या लांबीच्या दिशेने येणारा भार पेलणे हे रोलरचे बलस्थान नाही, म्हणून त्यासाठी काय व्यवस्था केली आहे हे विचारून घ्यावे. तिसरा प्रकार म्हणजे बॉल बेअरिंग काढून टाकून तिथे दाबाखालच्या, गाळलेल्या तेलावर चालणारे साधे बेअरिंग बसवणे, म्हणजे शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला आणि जुन्या ९११मध्ये होती तीच रचना. तो महाग आहे आणि तेलाची वेगळी नळी टाकावी लागते. गाडी दहा वर्षे ठेवायची असेल तर मी हाच निवडेन. चार-पाच वर्षांत विकायची असेल तर चांगल्या निर्मात्याचे सिरॅमिक बेअरिंग पुरेसे आहे. मूळ प्रकारचे, दोन्ही सीलसह नवे बेअरिंग बसवणे म्हणजे तोच प्रश्न पुढे ढकलणे होय.

बेअरिंग कोणते, यापेक्षा ते कोण बसवतो याला मी अधिक महत्त्व देतो. कामाची पद्धत कार्यशाळेला आधी विचारावी. क्रँक वरच्या बिंदूवर पिनेने अडकवला पाहिजे, कॅमशाफ्ट हत्याराने बांधला पाहिजे, साखळीचे टेन्शनर काढून शाफ्टवरचा ताण सोडला पाहिजे, आणि त्यानंतरच झाकण उघडले पाहिजे. ही पूर्वतयारी टाळली तर झाकण काढताच शाफ्ट एका बाजूला झुकतो, आणि घाई करणारा मेकॅनिक तो पुन्हा मध्यावर आणायला स्क्रूड्रायव्हरने ढकलू लागतो. नवे बेअरिंग ठोकून बसवणे हाही तसाच गुन्हा. ते त्याच्या हत्याराने बाहेरच्या कड्यावर दाब देऊनच बसवायचे असते, नाहीतर छर्ऱ्यांची वाट पहिल्याच दिवशी खराब होते. काम झाल्यावर इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून टायमिंगच्या खुणा पुन्हा जुळतात का हे पाहावे आणि त्यानंतरच चावी फिरवावी. कॅमच्या विचलनाचे आकडे आधी व नंतर लिहून घ्यावेत, काढलेले बेअरिंग पिशवीत घालून मागून घ्यावे. विकायच्या वेळी पावतीपेक्षा ते जुने बेअरिंग आणि जुना फिल्टर अधिक बोलतात.

झाकण उघडल्यावर जुने बेअरिंग खडबडीत फिरते आहे, सील निघालेले आहे, पण छर्रे शाबूत आहेत असे दिसले तर? इथे मोह होतो. पॅन आणि फिल्टर खरोखर स्वच्छ असतील तर नवे बेअरिंग बसवावे आणि पहिले तेल ५०० मैलांच्या आत बदलून फिल्टर पुन्हा कापावा. चुरा आधीच पसरलेला असेल तर नवे बेअरिंग बसवून काहीच साधत नाही. ते कण क्रँकच्या बेअरिंगांत, टेन्शनरांत, कॅमच्या वाटांत जाऊन बसलेले असतात, आणि त्याच तेलावर नव्या बेअरिंगलाही फिरावे लागते. अशा इंजिनाला खोलून धुण्यावाचून इलाज नसतो. म्हणूनच तपासणी आधी आणि सुटे भाग मागवणे नंतर, हा क्रम मी सोडत नाही.

यानंतरची निगा सोपी आहे. पोर्शेची मान्यता असलेले ०डब्ल्यू-४० किंवा ५डब्ल्यू-४० तेल वापरावे, आणि कारखान्याची लांबलचक मुदत विसरून दर ५,००० मैलांना, निदान वर्षातून एकदा, ते बदलावे. दर वेळी फिल्टर कापावा. चुंबक असलेला ड्रेन प्लग बसवावा, त्यावर राखाडी पेस्टचा पातळ थर येणे नेहमीचे आहे, टोचणारे कण येणे नाही. इंजिन गरम झाल्यावर ते मिनिटाला दोन हजार फेऱ्यांखाली रेटू नये, गिअर खाली घ्यावा. न्यू जर्सीच्या थंडीत गाडी उभी करून ठेवणार असाल तर ठेवण्यापूर्वी तेल बदलावे, वसंतात नव्हे, म्हणजे वापरलेल्या तेलातली आम्लता आणि ओलावा चार महिने आत बसून राहणार नाही. आणि मधूनच गॅरेजमध्ये पाच मिनिटे इंजिन चालू करून बंद करण्याची सवय असेल तर ती सोडावी, त्याने तेलात फक्त पाणी वाढते.

पुण्याच्या २००७ केमन एसमध्ये मोठे बेअरिंग असण्याची दाट शक्यता आहे. ते क्रँककेसच्या, म्हणजे इंजिनाच्या कवचाच्या, तोंडापेक्षा मोठे असल्यामुळे इंजिन न उघडता काढता येत नाही, तेव्हा ‘आयएमएस बदलून देतो’ असे कोणी सांगितले तर आधी झाकणावरचे नट पाहायला सांगावे. २२ मिलिमीटरचे निघाले तर बदलण्याचा विषयच संपतो. क्लचच्या कामाच्या वेळी त्या बेअरिंगचे बाहेरचे सील अलगद काढून टाकावे, म्हणजे इंजिनचे ताजे तेल आत-बाहेर खेळते राहते. एवढे तिथे पुरेसे आहे. भावाने आपले पैसे आणि लक्ष त्या ३.४ लिटर इंजिनाच्या सिलिंडरकडे वळवावे, कारण ओरखड्यांच्या दृष्टीने ते तुमच्या ३.२ पेक्षा जास्त जोखमीचे आहे. पॅन उतरवून खालून कॅमेरा घालणारा, आणि फोटो काढून देणारा मेकॅनिक गाठावा. शहरातली मुंगीच्या पावलांची रहदारी, छोट्या फेऱ्या आणि आता पंपावर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पाहता, त्या गाडीचे तेल ७,००० ते ८,००० किलोमीटरवर किंवा दर सहा महिन्यांनी बदललेले बरे. भारतात अशा गाड्या थोड्या आहेत आणि सुटे इंजिन मिळवणे म्हणजे आयात, शुल्क आणि महिनोन्‌महिने वाट पाहणे, म्हणून तिथे कॅमेऱ्याच्या तपासणीशिवाय आगाऊ रक्कम देऊ नये.